स्कॅनिंग संपल्यानंतरचं काम: ग्रंथालयातलं डिजिटल जतन, त्यातली नोकरी आणि त्यातलं नेतृत्व

नागपुरात जपण्यासारखं काय आहे याची यादी करायला बसलं तर एक पान पुरत नाही. विद्यापीठ आणि विदर्भ साहित्य संघ, दोन्ही १९२३ चे. अजब बंगला, म्हणजे इथलं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ चा. पर्यावरण संशोधन करणारी नीरी १९५८ पासूनची. मृदा सर्वेक्षण ब्यूरो आणि कापूस संशोधन संस्था १९७६ च्या, आणि भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालयही इथलंच. या सगळ्यांकडे प्रबंध, नकाशे, मोजमापांचे तक्ते, भाषणांच्या ध्वनिफिती, जुनी नियतकालिकं यांचे ढीग आहेत. अशा संस्थांमध्ये स्कॅनिंग कसं होतं हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. फेब्रुवारीत निधी येतो, मार्च अखेरीच्या आत खर्च दाखवायचा म्हणून घाईघाईने निविदा निघते, एजन्सी हार्ड डिस्क आणून देते, उद्घाटनाचा फोटो पेपरात येतो. पुढच्या वर्षी त्या डिस्ककडे बघायला ना माणूस असतो ना पैसा.

हा लेख त्या पुढच्या वर्षासाठी आहे. माझ्या मते इथली खरी अडचण तंत्रज्ञानाची नाहीच. जतन 'प्रकल्प' म्हणून सुरू होतं आणि प्रकल्पाबरोबरच बंद पडतं, ही अडचण आहे. त्याला दरवर्षीच्या अंदाजपत्रकात कायमची जागा मिळवून देतो तो या क्षेत्रातला नेता. त्याच्या दारावरची पाटी सहायक ग्रंथपालाची आहे की प्रकल्प सहायकाची, याने फरक पडत नाही.

सुरुवात: पद नव्हे, बेवारस फाइली शोधा

'डिजिटल जतन अधिकारी' अशी जाहिरात आपल्याकडे क्वचितच दिसते. हे काम ग्रंथालय व माहिती सहायक, इन्फर्मेशन सायंटिस्ट, अभिलेखपाल, प्रोजेक्ट असोसिएट, डेटा मॅनेजर अशा नावांखाली दडलेलं असतं. म्हणून नोकरीत असाल तर आधी एवढंच विचारा: इथल्या कोणत्या फाइलींना वाली नाही?

प्रबंधांसोबत जमा झालेल्या सीड्या ही सुरुवातीला उत्तम जागा. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली आणि शोधगंगा या प्रबंधांच्या देशव्यापी ऑनलाइन भांडारात प्रबंध चढू लागले. पण त्याआधीच्या आणि अधल्यामधल्या कित्येक सीड्या कपाटातच राहिल्या. घरी 'राइट' केलेल्या सीडीवर माहिती रंगद्रव्याच्या पातळ थरात असते. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी तो थर बिघडतो. नागपूरचा मे आणि त्यामागून येणारा जुलै ज्याने काढलाय त्याला यापुढे सांगायला नको. विभागप्रमुखांकडे जा आणि म्हणा, "मॅडम, या सीड्या एकदा उघडून तपासून घेऊ का?" याला नाही म्हणणारा अधिकारी विरळा. परवानगी तोंडी मिळाली तरी त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल टाका: अमुक सीड्या तपासायला घेतल्या आहेत, निष्कर्ष महिनाअखेर कळवते. तुमच्या अधिकाराचा पहिला कागद तोच.

दाखलनोंदवही, पण फाइलींची

ग्रंथपालाला दाखलनोंदवही शिकवावी लागत नाही. तीच सवय इथे आणायची. एक्सेलचा एक तक्ता पुरतो: संग्रहाचं नाव, माध्यम, फाइलींची संख्या, आकार, प्रकार, शेवटची कधी उघडली, दुसरी प्रत कुठे आहे, हक्क कुणाचे, आणि आज याला जबाबदार कोण. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा राहतो. तो रिकामाच ठेवा, भरू नका. बैठकीत तोच दाखवायचा आहे.

प्रकार ओळखायला ड्रॉइड हे साधन वापरा. ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्हजने बनवलेलं आणि मोफत आहे. नावामागच्या तीन अक्षरांवर विसंबून न राहता ते फाइलच्या आतले बाइट पाहतं आणि प्रोनॉम या नोंदसूचीशी ताडून प्रकार सांगतं. जुनी डिस्क जोडताना ती फक्त वाचता येईल अशीच जोडा, आधी प्रत काढा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा.

या झडतीत काय निघेल त्याची तयारी ठेवा. डीबेस आणि फॉक्सप्रोचे तक्ते, लोटसच्या शीट, पेजमेकरच्या फाइली, आणि हमखास एखादा सीडीएस/आयसिसमधला कॅटलॉग. युनेस्कोचं हे सॉफ्टवेअर निस्सात या राष्ट्रीय विज्ञान-माहिती योजनेमार्फत देशभरच्या ग्रंथालयांत पोचलं होतं. त्यातल्या नोंदी आयएसओ २७०९ या देवाणघेवाणीच्या स्वरूपात बाहेर काढता येतात आणि कोहा या ग्रंथालयाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये घेता येतात, पण ते चालणारं एक जुनं यंत्र हाताशी असेपर्यंतच सोपं आहे.

आता क्रम लावा. एकच प्रत आहे, उघडणारं सॉफ्टवेअर दुर्मिळ होत चाललंय आणि संस्थेबाहेर हे कुठेच नाही, अशी तिन्ही उत्तरं 'हो' असलेला संग्रह सगळ्यात आधी. संस्थांचा ओढा नेमका उलटा असतो. १९०८ चं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटिअर पुन्हा एकदा देखणं स्कॅन करण्यात सगळ्यांना रस, कारण ते प्रदर्शनात शोभतं. ते देशभर अनेक ग्रंथालयांत आहे. निवृत्त शास्त्रज्ञाने वीस वर्षं भरलेला विहिरींच्या पाणीपातळीचा तक्ता मात्र त्याच्या जुन्या संगणकाबरोबर भंगारात जातो. इथे ठाम राहायला शिका. नेतृत्वाची पहिली चुणूक इथेच दिसते.

मराठी फॉन्टचा गुंता

परदेशी मार्गदर्शिकांमध्ये सापडणार नाही असा भाग हा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपली छपाई, टायपिंग सेंटरं आणि कार्यालयं पुढे कित्येक वर्षं श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव आणि सी-डॅकच्या आयएसएमवर चालत होती. अशा बऱ्याच फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. म्हणजे फाइलमध्ये खरं तर रोमन अक्षरंच आहेत. फॉन्ट गेला की मराठी मजकूर गेला. फाइल शाबूत, चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळायची खूण) बरोबर, आणि तरी एक ओळ वाचता येत नाही. दिवाळी अंक, स्मरणिका, प्रबंध, संस्थांची इतिवृत्तं, सगळं यात अडकलंय.

काम या क्रमाने करा. मूळ फाइल आहे तशी वेगळी ठेवा. तिच्यावर 'सेव्ह' कधीच दाबायचं नाही. ज्या फॉन्टमध्ये ती आहे त्याची फाइल, आवृत्ती आणि परवान्याची नोंद शोधून त्याच पाकिटात ठेवा. एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत अक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात, त्यामुळे 'शिवाजी' एवढं लिहून भागत नाही. जुन्या यंत्रावर पेजमेकर अजून उघडत असेल तर लगेच फॉन्टसह पीडीएफ काढा, शक्यतो पीडीएफ/ए, म्हणजे दीर्घकाळ जतनासाठीचा पीडीएफचा प्रकार. पान दिसायला वाचलं. पण त्यातून मजकूर कॉपी केला तर पुन्हा अगम्य अक्षरंच येतील आणि शोध चालणार नाही. म्हणून चौथं काम: युनिकोडमध्ये रूपांतर.

रूपांतरक बरेच मिळतात आणि चुकाही ठरावीक जागी करतात. रफार सरकतो. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टांत व्यंजनाच्या आधी टाइप झालेली असते, ती भलत्या अक्षरावर बसते. 'दऱ्या', 'तऱ्हा', 'सुऱ्या' यांतला अर्धा र हमखास बिघडतो. ॲ आणि ऑ, अवतरणचिन्हं, आकडे हेही तपासा. प्रत्येक संग्रहातली काही पानं मूळ छापील प्रतीशी ताडून वाचा. कोणता रूपांतरक, कोणती आवृत्ती, कुणी, कधी, हे नोंदवा. अशा नोंदींसाठी प्रेमिस नावाचा २००५ पासूनचा मानक साचा आहे, पण सुरुवातीला साध्या मजकुराची फाइल चालेल. ज्याची फाइलच नाही, फक्त कागद आहे, तिथे टेसरॅक्टचं मराठी ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातून मजकूर ओळखणारं साधन, लावा. खिळ्यांच्या जुन्या छपाईवर ते अडखळतं, त्यामुळे त्याचा मजकूर शोधापुरता धरा, संहिता म्हणून नव्हे.

करिअरच्या दृष्टीनेही याकडे बघा. मेटाडेटा आणि सर्व्हरचं काम बंगळुरूचा माणूस बसल्या जागी करेल. रफार कुठे गेला हे त्याला दिसणार नाही. एखाद्या फॉन्टचा तपासलेला अक्षरतक्ता तुम्ही तयार केलात, तर मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा तो जास्त बोलेल.

प्रती, चेकसम आणि आपलं हवामान

तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत दुसऱ्या शहरात, हा जुनाच नियम आहे. धरमपेठेतली एक आणि सीताबर्डीतली दुसरी, याला दुसरं शहर म्हणत नाहीत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. अमरावती किंवा पुण्याच्या एखाद्या संस्थेशी अदलाबदल करा: तुमची डिस्क त्यांच्याकडे, त्यांची तुमच्याकडे, एक साधं पत्र दोन्ही बाजूंच्या सहीने.

एक प्रत कुठल्याही नेटवर्कला न जोडलेली हवी. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला झाला. ब्रिटिश लायब्ररीने त्यावर स्वतःचा सविस्तर अहवाल मार्च २०२४ मध्ये जाहीर केला, तो वाचाच. इतकी मोठी संस्था आपल्या त्रुटी उघडपणे मांडते, तेही नेतृत्वच.

चेकसम म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ ने काढला तर ६४ अक्षरांची ओळ मिळते आणि एक बाइट बदलला तरी ती बदलते. फाइल हातात आली त्याच दिवशी काढायचा, बॅगइट पद्धतीने फाइलींसोबतच बांधायचा आणि वर्षातून एकदा तरी पुन्हा ताडायचा. तारीख ठरवून टाका. नोव्हेंबरचा पहिला गुरुवार जागतिक डिजिटल जतन दिन म्हणून पाळला जातो, तो सोयीचा आहे. बाकी दोन गोष्टी: कार्यालय सुटल्यावर एसी बंद होतो त्या खोलीत डिस्क ठेवू नका, आणि डिस्क पाच वर्षांची झाली की चालत असली तरी बदला.

पैसा मागायचा कसा

इथे बहुतेक चांगले तंत्रज्ञ अडतात. संचालकांसमोर ओएआयएसची आकृती उघडतात आणि दहाव्या मिनिटाला साहेब घड्याळ बघतात. ओएआयएस म्हणजे आयएसओ १४७२१, अंतराळ-माहिती हाताळणाऱ्या संस्थांच्या गटात तयार झालेला, डिजिटल जतनाची व्यवस्था कशी असावी याचा आराखडा. तो तुम्हाला यायलाच हवा, पण तो तुमच्या डोक्यात राहू द्या. साहेबांपुढे हिशेब न्या.

उदाहरणार्थ: ए-फोर आकाराचं एक रंगीत पान, ३०० डीपीआय, कॉम्प्रेस न करता साठवलेली टिफ (चित्राची) फाइल, म्हणजे सुमारे २६ एमबी. ३०० पानांचं पुस्तक ७.८ जीबी. अशी १,००० पुस्तकं ७.८ टीबी. तीन प्रती, २३.५ टीबी. हे पाच वर्षांनी पुन्हा विकत घ्यायचंय. एवढ्या चार ओळी टिपणीत घातल्या की 'स्कॅनिंग झालं, आता कशाला पैसे?' हा प्रश्न निम्मा मिटतो.

टिपणी एका पानाची असू द्या. काय आहे, काय जाऊ शकतं, कोणता निर्णय हवा, दरवर्षी किती लागेल. मागण्या तीनच: छोटं का होईना पण आवर्ती लेखाशीर्ष, जबाबदार व्यक्तीच्या नावाचा कार्यालयीन आदेश, आणि दरवर्षी एक अहवाल ग्रंथालय समितीपुढे. मोठा सर्व्हर मागू नका. भांडवली खर्च एकदा मंजूर होतो आणि त्याच्याबरोबर विषयही संपतो. आवर्ती खर्चाचं लेखाशीर्ष लहान असलं तरी दरवर्षी कुणाला तरी त्याबद्दल बोलावं लागतं. केंद्र सरकारच्या कार्यालयात असाल तर १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याचा उल्लेख करा. तिथे जतन ही ऐच्छिक बाब राहत नाही.

"क्लाउडवर टाकलंय ना, मग झालं की," असं कुणीतरी म्हणेलच. वाद घालू नका. विचारा: बिल थकलं तर किती दिवसांत डेटा पुसला जातो, आणि सगळा परत उतरवून घ्यायला किती खर्च येईल? उत्तर लेखी मागा.

आयटी विभागाशी भांडण टाळा. त्यांचा बॅकअप आजची यंत्रणा उद्या उभी करण्यासाठी असतो. ठरावीक दिवसांनी जुनी प्रत पुसून नवी बसते, आणि फाइल आतून बिघडलेली असेल तर बिघडलेलीच प्रत जपली जाते. हे त्यांना माहीत असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं. 'जागा द्या' असं मोघम म्हणण्यापेक्षा किती टीबी, किती वर्षं, कुणाला लिहिण्याचा हक्क, हे लिहून द्या. आणि वार्षिक अहवालात त्यांचं नाव आधी घाला.

निविदेच्या अटी तुम्ही लिहिल्या नाहीत तर एजन्सी लिहील. मूळ टिफ आणि वापराची पीडीएफ दोन्ही, फाइलींच्या नावांची पद्धत आपली, प्रत्येक फाइलचा चेकसम, दोन वेगळ्या डिस्क, आणि शेवटचा हप्ता नमुना-तपासणी व चेकसम जुळल्यावरच. ही शेवटची अट काढून टाकायचा आग्रह होईल. सोडू नका.

कायद्याचं थोडक्यात

कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(एन) आलं: ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची छापील वा तत्सम प्रत आधीच असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवता येते. जगाला खुली करण्याची मुभा त्यात नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी १९८५ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या ग्रंथांवरचा हक्क २०४५ अखेरपर्यंत. साठवा, पण संकेतस्थळावर टाकण्याआधी हक्कदारांना विचारा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियासारखा प्रचंड उपक्रम कॉपीराइटच्या प्रश्नापायीच बंद झाला.

शिक्षण, जागा आणि पुढची वाट

पाया बी.लिब. आणि एम.लिब. हाच, तो विभाग इथल्या विद्यापीठात आहे. कायम नोकरी हवी असेल तर साधारणपणे नेट किंवा राज्याची सेट परीक्षा लागते. विद्यापीठ-महाविद्यालयांत सहायक ग्रंथपालाची सुरुवात अकॅडमिक लेव्हल १० ला, म्हणजे सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपये मूळ वेतनावर होते. अभिलेखांकडे ओढा असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची अभिलेख व्यवस्थापनाची एक वर्षाची पदविका पाहा. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालच्या अ-ब-क-ड वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयांत साहित्य अफाट आहे, पण पगारावर घर चालवण्याची आशा धरू नका. तिथे स्वयंसेवक म्हणून एखादा संग्रह हाती घ्या, अनुभव मिळेल.

डिजिटल प्रिझर्वेशन कोअलिशन ही २००२ पासूनची संस्था. तिने या पेशासाठी कौशल्यांचा आराखडा केलाय; त्यात पाच क्षेत्रं आहेत: कारभार व निधी, संवाद, माहिती तंत्रज्ञान, कायदा व सामाजिक जबाबदारी, आणि प्रत्यक्ष जतनाचं ज्ञान. पाचात तंत्रज्ञान एक. तरी आपल्याकडचे उमेदवार सगळी ताकद त्या एकावर लावतात. कमांड लाइन आणि थोडं पायथन शिका, जरूर. पण त्याच वर्षी टिपणी लिहायला आणि बैठकीचं इतिवृत्त वेळेत पाठवायलाही शिका. एक धोका आधीच सांगून ठेवते: संगणक येतो म्हटलं की कार्यालयभर प्रिंटर दुरुस्त करणारा माणूस अशी ओळख पडते. पहिल्या महिन्यातच प्रेमाने नाही म्हणा.

अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असाल तर प्रत्येक कार्यपुस्तिकेवर तयार करणाऱ्याचं नाव येईल असं बघा. पुढच्या मुलाखतीला तीन कागद न्या: फाइलींच्या यादीचा नमुना, एखाद्या रूपांतराची तपासणी-नोंद, आणि मंजूर झालेली टिपणी. तिसरा क्वचितच कुणाकडे असतो.

संस्था कुठे उभी आहे हे मोजायला एनडीएसए या अमेरिकेतल्या डिजिटल जतनाच्या आघाडीचे स्तर पुरेसे आहेत: पाच विषय, प्रत्येकी चार पायऱ्या, तासाभरात भरून होतात. दरवर्षी तोच तक्ता भरा आणि एका चौकटीने जरी पुढे गेलात तरी समितीला दाखवा. पुढे कोअरट्रस्टसील या विश्वासार्ह डिजिटल भांडारांच्या प्रमाणपत्राच्या १६ अटींकडे जाता येईल. 'हे परदेशातच जमतं' असं कुणी म्हणालं तर सांगा की आयएसओ १६३६३ या विश्वासार्ह डिजिटल भांडारांच्या मानकाखाली प्रमाणित झालेलं जगातलं पहिलं भांडार २०१७ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राचं होतं, आणि त्यामागे पुण्याच्या सी-डॅकचं काम होतं.

बदलीचा आदेश येण्याआधी

सरकारी संस्थेत बदली आणि कंत्राटी नोकरीत मुदत, दोन्ही ठरलेल्या. म्हणून कार्यपुस्तिका मराठीत लिहा, पडद्यांच्या चित्रांसह. पासवर्ड दोघांना माहीत हवेत आणि सीलबंद पाकीट कार्यालयप्रमुखांकडे. डिस्कवर तारीख आणि बदलायचं वर्ष चिकटवा. वर्षातून एकदा, चेकसम ताडायच्याच दिवशी, एखाद्या सहकाऱ्याला फक्त पुस्तिका हातात देऊन तिसऱ्या प्रतीवरून एक फाइल परत आणायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका. तो जिथे अडेल ते पान दुरुस्त करा, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याला बसवा.